तुझ्या मापाची गाडी

प्रिय भाचेबुवा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तीन पानांचं, आणि त्यातली अडीच पानं नुसती त्या मोठ्या मोटारसायकलच्या आकड्यांची. सीसी म्हणजे इंजिनाचा आकार किती, बीएचपी म्हणजे ताकद किती, शून्य ते शंभर किती सेकंदांत, टॉप स्पीड काय. उरलेल्या अर्ध्या पानात हळूच विचारलंयस, "मावशी, मला झेपेल ना?" मी उत्तर देतेय ते त्या अर्ध्या पानाला.

सरळ रस्त्यावर झेपेल. लिटर क्लासची, म्हणजे हजार सीसीच्या आसपासची गाडी सरळ रस्त्यावर कुणालाही झेपते. क्लच हळू सोडला की ती निघते, आणि पहिल्याच गिअरमध्ये ताशी शंभरच्या पुढे जाते. म्हणजे उरलेले पाच गिअर तुझ्यासाठी जवळपास शोभेचेच. मला काळजी आहे ती वळणाची, यू-टर्नची, आणि ओल्या रस्त्यावर समोर अचानक कुणी आलं तर तेव्हाची.

माझी सांगते. १५० सीसीवरून मी थेट चार सिलिंडरच्या ६०० वर उडी मारली होती. कागदावर शंभर बीएचपी. पण त्या जातीच्या इंजिनाची खरी ताकद दहा-बारा हजार आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तितक्या फेऱ्यांना) जागी होते, आणि मी काटा सात हजारांच्या वर जाऊच द्यायची नाही. भीती, दुसरं काय! त्यामुळे मी चालवत होते ती एक सुस्त, जड, गरम होणारी गाडी, आणि लोकांना सांगत होते की माझ्याकडे सुपरस्पोर्ट, म्हणजे रेसच्या धाटणीची गाडी आहे. तीन हजार किलोमीटर झाल्यावर एकदा गाडी धुताना मागच्या टायरकडे नीट लक्ष गेलं. मधला पट्टा घासून सपाट झालेला आणि दोन्ही कडांना दोन-दोन बोटं रबर अगदी कोरं. नव्या टायरवर जे रबराचे बारीक केस असतात ना, तेसुद्धा कडेला तसेच उभे. गाडी वळणात किती कमी झुकवली होती ते टायरनेच सांगितलं.

त्याच सुमारास मला शिकवणाऱ्या एका ज्येष्ठांनी मला घाटात पुढे घातलं आणि ते स्वतः जुन्या सिंगल सिलिंडर २५० वर मागे राहिले. मला वाटलं, आता दिसेनासे होतील. सरळ पट्ट्यावर व्हायचेही. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी मात्र आरशात हजर. खाली उतरल्यावर हेल्मेट काढून ते एवढंच म्हणाले, "त्या लांब डाव्या वळणात तुझा ब्रेकचा दिवा चार वेळा लागला." मग माझी किल्ली घेतली आणि स्वतःची माझ्या हातात दिली. पुढचे दोन महिने मी ती २५० चालवली. गाडी चालवायला मी त्या दोन महिन्यांत शिकले, असं मी आजही मानते.

का, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे. जास्त ताकद तुझ्या चुका झाकते. वळणात घाबरून नको तिथे ब्रेक मारलास, पंधरा-वीसचा वेग घालवलास, तरी मोठ्या गाडीवर बाहेर पडताना मनगट पिळलं की दोन सेकंदांत भरपाई होते. चूक झाली हे तुला कळतही नाही. उलट वाटतं, काय जोरात निघालो! छोट्या गाडीवर घालवलेला वेग परत मिळवायला पुढचा अख्खा सरळ पट्टा लागतो. ती शिक्षा तिथल्या तिथे मिळते. मग आपोआप सवय लागते: ब्रेक वळणाच्या आधी, गिअरही आधीच, नजर वळणाच्या शेवटाकडे, आणि आत शिरल्यावर थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, हलका पण सलग उघडा. नजर कुठे जाते हे फार महत्त्वाचं. घाबरलेला माणूस खड्ड्याकडे बघतो आणि बरोबर खड्ड्यातच जातो.

दुसरी एक गोष्ट मोठ्या गाडीवर भीतीपोटी शिकायची राहून जाते. वेगात असताना उजवीकडे जायचं तर उजवी मूठ पुढे ढकलायची. गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. ऐकायला उलटं वाटतं, पण दोन चाकांचं गणित तसंच आहे. हलक्या गाडीवर हे अर्ध्या तासात हाताला कळतं. दोनशे किलोंच्या गाडीवर नवखा माणूस मुठी आवळून बसतो, आणि आवळलेल्या मुठींनी काहीच ढकलता येत नाही.

१९८१ साली अमेरिकेत संशोधक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांच्या सखोल तपासणीचा अहवाल दिला. ऐन वेळी अपघात चुकवायचा कसा हे त्या चालकांना जवळजवळ येतच नव्हतं, मागचा ब्रेक दाबून चाक घसरवायचे आणि पुढचा पुरेसा वापरायचेच नाहीत, हे त्यात आहेच. मला जास्त लागलं ते वेगळंच. अपघातात सापडलेल्या निम्म्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीचा अनुभव पाच महिन्यांहून कमी होता. एकूण अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा! म्हणजे "मी तीन वर्षं चालवतोय" हे तुझं वाक्य नव्या गाडीवर बसल्याक्षणी पुन्हा शून्यापासून मोजायचं.

युरोपात यासाठी पायऱ्याच केल्यात. २०१३पासून तिथे मधल्या ए-टू परवान्यावर ३५ किलोवॉट, म्हणजे साधारण ४७ बीएचपीपर्यंतचीच गाडी चालते, आणि ताकद-वजनाचं प्रमाण किलोमागे ०.२ किलोवॉटच्या वर चालत नाही. दोन वर्षं त्या परवान्यावर काढली की पुढची परीक्षा देता येते. तुला हे सरकारी जाच वाटेल. पण रेसिंगमध्येही हेच आहे. इटलीचा मोटारसायकल रेसर व्हॅलेंटिनो रॉसी १९९६ला १२५ सीसीच्या गटात आला, १९९७ला तिथे जगज्जेता झाला, १९९९ला २५०मध्ये आणि २००१ला ५००मध्ये. त्याच्यासारख्यालाही पायरी गाळावीशी वाटली नाही, तर आपण कोण टिकोजीराव!

आता कौशल्य बाजूला ठेव, मजेचं बघ. तू पत्रात एकदाही लिहिलं नाहीस की तुला कुठे आणि कसं फिरायला आवडतं. रोज गर्दीतून जायचंय? मग हलकं वजन, हलका क्लच आणि खालच्या आरपीएमला ओढणारं इंजिन. तिथे चार सिलिंडरचा काही उपयोग नाही, मांड्या मात्र भाजतात. लांबचा पल्ला आवडतो? मग पाठ आणि मनगटं आधी, इंजिन नंतर. खाली वाकून बसायच्या गाडीवर पहिला तास आपण हिरो असतो. कच्च्या रस्त्यांचं वेड असेल तर पुढचं चाक मोठं हवं आणि गाडी हलकी हवी, कारण तिथे ती पडणार, आणि उचलायची तुलाच आहे. क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून आरामात बसायची गाडी, ऐटीत चालते, पण जरा झुकवली की पाय ठेवायचा दांडा रस्त्याला घासतो. यातलं चांगलं-वाईट काही नाही. ज्याचं त्याने ओळखावं.

सीटच्या उंचीबद्दल तू घाबरलायस, तेवढं घाबरू नकोस. मी पाच फूट एक इंच आहे. दोन्ही तळवे पूर्ण टेकलेच पाहिजेत असं काही नाही. एका बाजूला जरा सरकून एक पाय नीट टेकला तरी पुरतं. कॅटलॉगमधल्या ८०० मिलिमीटरवर जाऊ नकोस. सीट पुढून अरुंद असली तर तीच उंची बुटक्या माणसालाही जमते, रुंद असली तर उंच माणसाचेही पाय फाकतात. वजन कुठे आहे तेही बघ. वर टाकीत भरलेलं वजन उभ्या-उभ्या गाडी कलंडवतं. माझी ६०० पडली ती तशीच, ताशी शून्य वेगात, खडीवर यू-टर्न घेताना. लाजेने आधी आजूबाजूला पाहिलं, मग गाडीकडे.

एबीएस मात्र हवंच, त्यावर वाद नको. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही. पण आत शिरताना जास्त वेगाने शिरलास तर वळण रुंद करून द्यायची सोय त्यात नाही.

टेस्ट राइडला जाशील तेव्हा शोरूमच्या माणसासमोर जोरात पळवून दाखवू नकोस. आधी गाडी बंद ठेवून हाताने ढकलत आठचा आकडा काढ. मग दोन गाड्यांच्या जागेत चालवत वळव: मागचा ब्रेक किंचित, क्लच अर्धा, नजर मागे. नंतर मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघड आणि बघ, किती सेकंद उघडा ठेवता येतो. एक सेकंदही धीर झाला नाही तर त्या गाडीतलं निम्मं इंजिन तू उगाच विकत घेतोयस.

मोठी गाडी घेऊच नकोस असं मी म्हणत नाहीये. माझ्याकडे आहे, आणि मला ती आवडते. जेव्हा छोट्या गाडीवर तू गाडीची वाट बघायला लागशील, वळणातून बाहेर पडून थ्रॉटल पूर्ण उघडा असेल आणि तरी तू तिच्या पुढे असशील, तेव्हा बदल. घाट उतरताना मागून कुणी पाहिलं तर तुझा दिवा वळणाआधी एकदाच लागलेला दिसेल. मोजायला मी येईन मागून.

ती जुनी २५० मला शिकवणाऱ्या त्या ज्येष्ठांनी पुढे मलाच देऊन टाकली होती, ती अजून आहे. आजच बॅटरी चार्जिंगला लावते. चेन सैल झालीये, ती तू आल्यावर तूच ताण, मी शेजारी उभी राहून चुका काढीन. क्लचची केबल जड लागते, दोन बोटांनी ओढायची स्टाइल करू नकोस. हातमोजे आणि बूट तुझे तू आण, माझ्या मापाचे तुला होणार नाहीत.

तुझी,
मावशी