कॅमेऱ्यासाठी की रांगेसाठी?

अनेक आशीर्वाद.

अ‍ॅनिमॅट्रॉनिक्स, म्हणजे मोटरवर हलणारी, जिवंत वाटणारी पात्रं बनवायची विद्या, शिकायचं तू ठरवलंस, आता सिनेमाकडे वळावं की थीम पार्ककडे, हा तुझा प्रश्न. मोटर, सांधे, कातडी ही सामग्री दोन्हीकडे तीच. पण डिझाइनला हात घालण्याआधी कागदावर एक आकडा लिही: ही हालचाल एकूण किती वेळा होणार?

पापणीचंच घे. पार्कमध्ये दर दीड मिनिटाला एक खेळ, रोज बारा तास, म्हणजे दिवसाला ४८० खेळ. एका खेळात ती सहा वेळा लवली तर वर्षाला साडेदहा लाख वेळा. सिनेमात तालमी धरूनही काही हजार वेळा लवली की तिचं काम संपतं, म्हणून तिथे प्लास्टिक गिअरचा छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटर) चालून जातो. पार्कमध्ये त्याच्या आतल्या, कोन मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरचा पट्टा घासून झिजतो आणि पापणी थरथरायला लागते. तिथे ब्रशलेस मोटर (घासणारे ब्रश नसलेली), मॅग्नेटिक एन्कोडर (चुंबकाने, न घासता कोन मोजणारा) आणि प्रत्येक सांध्याला बेअरिंग हवंच. भोकात नुसता स्क्रू घातला तर भोक लांबट होत जातं आणि दोन डोळे दोन दिशांना बघू लागतात.

सिनेमात बघणारा एकच, कॅमेरा. १९७५च्या 'जॉज'साठी तीन यांत्रिक शार्क केले होते. त्यांतले दोन एका बाजूने उघडेच होते. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या अंगाला सगळी यंत्रणा. पार्कमधली प्रेक्षकांची गाडी पात्राच्या समोरून सरकत जाते, त्यामुळे असली सवलत फार थोडी मिळते. पण त्याच शार्कनी खाऱ्या पाण्यात दगा दिला, हेही लक्षात ठेव. चाचणी खऱ्या परिस्थितीतच घ्यायची.

कातडीवर सगळ्यात जास्त वेळ घाल. फोम लेटेक्स (स्पंजासारखं रबर) हलकं, छोट्या मोटरनेही सुरेख दुमडतं. पण ते पाणी पितं आणि उजेडात, हवेत हळूहळू ठिसूळ होतं. 'जुरासिक पार्क'च्या (१९९३) टी-रेक्सची कातडी पावसाच्या दृश्यात भिजली, वजन वाढलं आणि कोरड्या वजनावर बसवलेली हायड्रॉलिक यंत्रणा थरथरू लागली. मग दोन टेकच्या मध्ये माणसं टॉवेलने तो प्राणी पुसायची. पार्कमध्ये पुसत बसायला वेळ कोण देणार? तिथे सिलिकॉन बरं. ते जड असतं, म्हणून मोटरची ताकद कातडी चढवल्यावर लागणाऱ्या जोराच्या निदान दुप्पट धर. सिलिकॉन फाटतं ते ओठांच्या कोपऱ्यात, तिथे ओततानाच ताणणारं जाळीदार कापड आत बसव. प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारं) वापरलंस तर गंधकवाली माती आणि लेटेक्सचे हातमोजे दूर ठेव, नाहीतर पृष्ठभाग चिकटच राहतो. नायट्राइलचे हातमोजे घाल.

मान थांबताना डुलते तेव्हा नवखी माणसं प्रोग्रॅमला दोष देतात. बहुतेक वेळा सांगाडा लवचीक असतो किंवा थांबा एकदम दिलेला असतो. आधी सांगाडा ताठ कर, मग वेग हळूहळू उतरव. सांधा जिथे अडतो त्या लोखंडी अडसराच्या पाच अंश आधीच प्रोग्रॅमची मर्यादा ठेव, म्हणजे रोजची टक्कर टळेल.

वायर तुटते ती मानेतच. बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची वायर घे, सैल वळसा दे आणि दोन्ही टोकं घट्ट बांध. नट-बोल्टवर रंगाची रेघ ओढ, म्हणजे सैल झालेला लगेच दिसेल. आणि प्रत्येक मोटर बाहेर कशी काढायची ते आधी ठरव, नाहीतर बंद पडलेलं पात्र तसंच राहतं. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या 'एक्स्पिडिशन एव्हरेस्ट' या राइडमधला (२००६) प्रचंड यती उद्घाटनानंतर लवकरच हलायचा थांबला. तेव्हापासून लुकलुकत्या दिव्यांनी तो हलल्याचा भास दिला जातो.

माझं मत विचारशील तर पार्कची शिस्त आधी अंगी बाणव. टिकाऊ काम करणारा हात सिनेमात सहज रुळतो, उलट मात्र सहसा होत नाही. चेहऱ्याचा अभिनय मात्र सिनेमाच्या पपेटियरकडूनच (पात्र हाताने चालवणाऱ्याकडून) शिकावा.

सुरुवातीला गणेशोत्सवातला हलता देखावा कर. बारा व्होल्टची वायपर मोटर, क्रँक (फिरणं मागेपुढे हलण्यात बदलणारा वाकडा दांडा) आणि सरळ दांडा एवढ्यावर मान हलते. रोज सहा तास, दर चार सेकंदांना एक हालचाल, दहा दिवस, म्हणजे ५४,००० फेऱ्या. मोटर तापते, म्हणून मंडपात नेण्याआधी कातडी चढवून सलग सहा तास चालव. दर अर्ध्या तासाने तापमान आणि सांध्यातली ढिलाई वहीत लिही, आणि ते पान मला पाठव.