पत्र शेजाऱ्यांना आलं, यांना का नाही?

प्रश्न : आम्ही गेली चोवीस वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. माझे यजमान ५७ वर्षांचे आहेत. शेजारच्या गृहस्थांना त्यांच्या जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या मार्फत पत्र आलं : प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सर लवकर शोधण्याच्या मोठ्या संशोधनात भाग घ्याल का? यांना आलं नाही. चौकशी केली तर ‘स्वतःहून नाव देता येत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. माझे सासरे साताऱ्यात याच आजाराने गेले. ज्याला खरी गरज आहे त्यालाच वगळायचं, हा कुठला न्याय? आता आम्ही काय करावं?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : ताई, तुमचा राग मला समजतो. पण यजमानांना त्या पत्राची वाट पाहायचं कारण नाही, हे आधी सांगतो. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या कुठल्याही पुरुषाला जीपीशी बोलून पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज देणारी रक्ततपासणी मागता येते. ती मोफत होते. जीपीकडे जाल तेव्हा पहिलं वाक्य हेच असू द्या : ‘माझे वडील प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले.’ वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार असला, तर धोका दुपटीच्याही वर जातो. घरात आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. बीआरसीए या जनुकातला वंशाने येणारा दोष बाईत स्तनाच्या-अंडाशयाच्या कॅन्सरच्या रूपात दिसतो आणि पुरुषात प्रोस्टेटच्या, आणि आपल्याकडे ‘तो बायकांचा आजार’ म्हणून ही माहिती पुरुषांच्या कागदावर कधी चढतच नाही. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल नको, जोराचा व्यायाम नको, शरीरसंबंध नको. लघवीला जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर सहा आठवडे थांबा. नाहीतर आकडा उगाच वर जातो आणि घरात झोप उडते.

आता पत्राबद्दल. या संशोधनाचं नाव ‘ट्रान्सफॉर्म’. ‘प्रोस्टेट कॅन्सर यूके’ या संस्थेने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ते जाहीर केलं. खर्च ४ कोटी २० लाख पौंड, त्यातले १ कोटी ६० लाख सरकारच्या आरोग्य संशोधन यंत्रणेकडून. पहिल्या टप्प्यात सोळा हजार पुरुष, पुढे तीन लाखांपर्यंत. रक्ततपासणी, झटपट होणारा एमआरआय आणि थुंकीवरून जनुकांची चाचणी, यांतली कुठली सांगड जीव वाचवते आणि निरुपद्रवी गाठीच्या मागे लागत नाही, हे त्यात पाहायचं आहे. म्हणूनच नावं स्वतःहून देता येत नाहीत. काळजी वाटणारे, घरातला अनुभव पाठीशी असलेले आणि शिकलेलेच पुरुष पुढे आले, तर निष्कर्ष त्यांच्यापुरता राहील, सगळ्या देशाला लावता येणार नाही. शिवाय आजवर जे मागे राहिले तेच पुन्हा मागे राहतील. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांत आयुष्यभरात चारांतल्या एकाला हा कॅन्सर होतो, गोऱ्यांत आठांतल्या एकाला, आपल्यासारख्या आशियाई वंशाच्या लोकांत तेरांतल्या एकाला. म्हणून दहातलं किमान एक आमंत्रण कृष्णवर्णीयांना जाईल असं ठरवलं, आणि त्यांच्यासाठी वयाची अट पन्नासऐवजी पंचेचाळीस ठेवली. मला हे योग्य वाटतं. तेरांतला एक हा आकडा वाचून यजमानांनी मात्र निश्चिंत होऊ नये, त्यांच्या घरातली गोष्ट वेगळी आहे.

‘एवढा पैसा आहे तर सगळ्यांचाच पीएसए का करत नाहीत?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तीस वर्षं मूत्रविकारांचा सर्जन म्हणून काम केलं, तेव्हा हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी ऐकावा लागे. पीएसए हा प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाचा रक्तातला आकडा आहे. तो कॅन्सरने वाढतो, नुसत्या वयोमानाने ग्रंथी सुजली तरी वाढतो, संसर्गाने वाढतो. पूर्वी आकडा वाढला की आम्ही थेट बायोप्सी करायचो. गुदद्वारातून सुई घालून दहा-बारा ठिकाणचे तुकडे काढायचे, आणि गाठ नेमकी कुठे आहे हे ठाऊकच नसायचं. कुणाला ताप यायचा, कुणाला रक्त जायचं. मग कधी अगदी बारीक, मंद कॅन्सर सापडायचा. तो त्या माणसाला जन्मभर त्रास देणार नव्हता, पण ‘कॅन्सर’ शब्द ऐकल्यावर ऑपरेशनला नाही कोण म्हणणार? ऑपरेशननंतर लघवी गळू लागलेले, पॅड लावून लग्नकार्याला जाणं टाळणारे पुरुष मी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींना त्या ऑपरेशनची गरज नव्हती, हे मला आज कळतं.

हे कळलं ते सरकारी पैशाने झालेल्या अभ्यासांमुळे. ब्रिटनच्या ‘प्रोमिस’ अभ्यासात ५७६ पुरुषांची तपासणी झाली. २०१७ साली निष्कर्ष आला की आधी एमआरआय काढला तर चौघांतल्या एकाची बायोप्सी टळू शकते. ‘प्रोटेक्ट’मध्ये सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर असलेले १,६४३ पुरुष होते. काहींचं ऑपरेशन, काहींना किरणोपचार, काहींवर फक्त लक्ष ठेवलं. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत शंभरातले जवळपास सत्त्याण्णव या कॅन्सरने दगावले नव्हते. ‘काहीही न करता लक्ष ठेवा’ हा उपचार कुठली कंपनी विकणार? तो प्रश्न लोकांच्या पैशानेच विचारता येतो, आणि म्हणून अशा संशोधनावर सरकारने खर्च करावा असं मी कळकळीने म्हणतो.

दुसरी बाजूही खरी आहे. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात तेवीस वर्षांनंतर, पीएसएसाठी बोलावलेल्या पुरुषांत या कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्के कमी दिसले. म्हणजे फायदा आहेच. पण ४५६ जणांना बोलवावं तेव्हा एक मृत्यू टळतो. म्हणून २०२५च्या नोव्हेंबरअखेर कुठल्या आजाराची सरसकट तपासणी करावी हे सरकारला सुचवणाऱ्या ब्रिटनच्या समितीने जो मसुदा मांडला, त्यात बीआरसीए दोष असलेल्या ४५ ते ६१ वयाच्या पुरुषांनाच दर दोन वर्षांनी तपासावं असं म्हटलं. कृष्णवर्णीयांसाठी पुरावा अपुरा ठरला. तो पुरावा ‘ट्रान्सफॉर्म’ने आणायचा आहे. शेजाऱ्यांना सांगा, जरूर जा.

प्रश्न : आमच्याकडे आरोग्य केंद्रात तिशीनंतर बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर तपासतात. पुरुषांचा प्रोस्टेट का नाही? माझ्या वडिलांचा (वय ७९) एका शिबिरात पीएसए ५.८ आला. लघवीला रात्री दोनदा उठतात, बाकी तक्रार नाही. घरात सगळे घाबरले आहेत.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कॅन्सर आहेत : तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा. ते जवळच्या केंद्रात डोळ्यांनी, हातांनी तपासता येतात. पीएसएच्या मागे एमआरआय, बायोप्सी, तज्ज्ञ ही सगळी साखळी लागते. ती नसताना नुसता आकडा हातात देणारी शिबिरं मला पटत नाहीत. तुमच्या घरात काय झालं ते तुम्ही पाहताच आहात.

मात्र लोकांशी बोलण्यावर सरकारने खर्च करावा. आशाताईंनी साठीपुढच्या पुरुषाला लघवीबद्दल, हाडांच्या दुखण्याबद्दल थेट विचारावं, त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि मानधन द्यावं. हे मी का म्हणतो ते सांगतो. माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, माण तालुक्यातल्या गावात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांची कंबर दुखू लागली. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. सात महिने गेले. त्या काळात मी कोल्हापुरात रोज दहा-बारा पुरुषांना ‘धार बारीक झाली का, रात्री किती वेळा उठता’ असं विचारत होतो. अण्णांना विचारलं नाही. थोरल्या भावाला असलं काय विचारायचं, असं वाटलं. शेवटी त्यांचा पीएसए ४००च्या वर निघाला, कॅन्सर मणक्यात पोचला होता. हा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसतो; ते थांबवणाऱ्या, दर काही महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचा खर्च नको म्हणून त्यांनी अंडकोष काढण्याचं ऑपरेशन पत्करलं. अडीच वर्षं मिळाली. सुरुवातीला हा कॅन्सर बहुधा काहीच लक्षण देत नाही, कारण तो ग्रंथीच्या बाहेरच्या भागात वाढतो, मूत्रनळीला लवकर चिमटा घेत नाही. पण साठीपुढच्या पुरुषाची कंबर रात्री विश्रांतीतही ठणकत असेल, तर मालिश करत बसू नका, तपासा.

तुमच्या वडिलांची गोष्ट तशी नाही. ७९व्या वर्षी ५.८ हा घाबरून ऑपरेशन टेबलावर नेण्याचा आकडा नाही. मूत्रविकार तज्ज्ञाकडे न्या. लघवीची तपासणी, बोटाने ग्रंथीची तपासणी आणि काही आठवड्यांनी पुन्हा पीएसए, एवढ्याने बरंच स्पष्ट होईल. कदाचित बायोप्सी लागणारही नाही. एक मात्र विसरू नका : चालू औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या सोबत न्या. लघवीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिन्यांहून जास्त चालू असेल, तर तिने पीएसए साधारण निम्म्यावर येतो. तसं असेल तर ५.८ हा आकडा डॉक्टर साडेअकराच्या आसपासचा धरून विचार करतील.