‘ख्रिसमस कार्निव्हल’? आधी पंचांग बघा

प्रश्न असा: ‘डिसेंबरात आमच्या सोसायटीत ख्रिसमस कार्निव्हल भरतो. पत्रकावर कार्निव्हलला मराठी शब्द कोणता छापावा?’

मुळात कार्निव्हलच छापू नका. चार फुगे आणि पाणीपुरीची गाडी लागली की झाला कार्निव्हल! समर कार्निव्हल झाला, दिवाळी कार्निव्हल झाला, आता हा. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्या दिवसांत धर्मगुरूंचा झगा जांभळा, उपवासकाळात असतो तोच रंग. तयारीच्या, संयमाच्या दिवसांत कार्निव्हल कुठून आणलात? तो येतो राखेच्या बुधवारच्या तोंडावर आणि आदल्या मंगळवारी आटोपतो. बुधवारी गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून केलेली राख कपाळी लागते आणि ईस्टरपर्यंतचे उपवासाचे चाळीस दिवस सुरू होतात. (रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून कॅलेंडरवर 46.)

व्युत्पत्ती विचारली की जो तो ‘कार्ने, वाले!’ सांगतो, म्हणजे ‘मांसा, येतो रे!’ गोड आहे आणि खोटी आहे. जुन्या इटालियनमध्ये रूप सापडतं ‘कार्नेलेव्हारे’: मांस दूर करणे. काही विद्वान तर ‘कार्रुस नावालिस’, म्हणजे जहाजाचा रथ, ओढून आणतात. मग मधला ‘लेव्हा’ कुठून आला, ते मात्र सांगत नाहीत.

मांस उद्यापासून बंद, तर आज संपवा. ही आपली गटारीच की! आणि तिथेही तेच सोवळं: ‘गटारी नव्हे हो, गताहारी.’ चांगला रांगडा शब्द धुऊन पुसून संस्कृत करायचा. ‘कार्ने, वाले’वाले आणि ‘गताहारी’वाले एकाच माळेचे मणी.

पण खरी गंमत पुढे आहे. गटारी आषाढी अमावास्येला. कार्निव्हलही अमावास्येच्याच आसपास! ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्या पौर्णिमेहून दीड चांद्रमास, म्हणजे सुमारे 44 दिवस मागे गेलात की अमावास्या. ईस्टरहून 46 दिवस मागे राखेचा बुधवार. दोन्ही हिशेब जवळपास एकाच जागी येऊन थांबतात. 2026 मध्ये तर कार्निव्हलचा मंगळवार 17 फेब्रुवारीला आणि माघी अमावास्याही त्याच दिवशी. दर वर्षी इतकं नेमकं जुळत नाही, महिना कधी पौषही निघतो, पण चंद्र फार लांब नसतो. संयम सुरू करायला माणसाला अंधारी रात्रच लागते, असं माझं मत. कोशकार हसतील, हसोत.

हां, शब्द. गोव्यात कोकणीत तो आहेच: इंत्रूज. लॅटिन ‘इंत्रोइतुस’ म्हणजे प्रवेश. त्यातून पोर्तुगीज ‘एंत्रुदु’, त्यातून इंत्रूज. इटालियन माणूस ताटातून काय गेलं ते बघतो, पोर्तुगीज आपण कशात शिरतोय ते. पणजीतले चित्ररथ आणि कार्निव्हलचा सोंगाडा राजा मोमो बघायला जाणाऱ्या पर्यटकाला यातलं काही ठाऊक नसतं. नाव उपवासाच्या उंबरठ्याचं, आणि त्या उंबरठ्यावर पूर्वी एकमेकांना पीठ फासायचं, पाण्यानं भिजवायचं. म्हणजे नाव सोवळं, वागणं शिमग्याचं.

तुमच्या पत्रकावर ‘नाताळ मेळा’ छापा.