दुसऱ्या महायुद्धात मारले गेलेले पहिले ब्रिटिश खासदार रोनाल्ड कार्टलंड होते का?

नाही, पहिले रिचर्ड पॉरिट. ते 26 मे 1940 रोजी मारले गेले आणि कार्टलंड 30 मे रोजी, म्हणजे चारच दिवसांचा फरक. गल्लत होते ती बहुधा कार्टलंड यांच्या भाषणामुळे. बर्मिंगहॅममधल्या किंग्ज नॉर्टनचे ते हुजूर पक्षाचे खासदार, 1935 मध्ये निवडून आलेले. 2 ऑगस्ट 1939 रोजी पंतप्रधान चेंबरलेन यांनी संसदेला ऑक्टोबरपर्यंत सुट्टी द्यायचं ठरवलं, तेव्हा कार्टलंड उभे राहिले आणि म्हणाले, महिन्याभरात कदाचित आपल्याला लढायला जावं लागेल, मरावंही लागेल. स्वपक्षाचेच लोक भडकले. पुढच्याच महिन्यात, 3 सप्टेंबरला, युद्ध जाहीर झालं! भाषण संसदेच्या अधिकृत कामकाजात, म्हणजे हॅन्सार्डमध्ये, आहे, जरूर वाचा. पुढे रणगाडाविरोधी तोफखान्यात मेजर म्हणून ते फ्रान्समधल्या कासेल गावी लढले आणि जर्मन वेढा फोडून डंकर्क बंदराकडे निघाले असताना मारले गेले. वय फक्त 33. धाकटा भाऊ अँथनी आदल्याच दिवशी मारला गेला होता. एक लक्षात घ्या, हा क्रम फक्त लढाईत मारल्या गेलेल्या खासदारांचा आहे. आजाराने किंवा इतर कारणाने गेलेले यात धरलेले नाहीत.