नरांचं मिल्ट गोठवायला मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: भंडारा जिल्ह्यात आमची चायनीज हॅचरी (फिरत्या पाण्याच्या टाक्यांत मत्स्यबीज काढायचं केंद्र) आहे. हंगामात रोहू-कटलाचे 3 कोटी मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) विकतो, भाव लाखाला 1,200 रुपये. दोन वर्षांपासून गिऱ्हाइकांची तक्रार आहे की बीज नीट वाढत नाही. म्हणून आमच्या चांगल्या नरांचं मिल्ट (शुक्राणू असलेला द्रव) द्रवनायट्रोजनमध्ये साठवायचा विचार आहे. 35 लिटरचा कंटेनर, सूक्ष्मदर्शक आणि स्ट्रॉचं (मिल्ट भरायच्या बारीक नळ्यांचं) साहित्य मिळून 4 लाख 20 हजारांचं कोटेशन आलंय. नायट्रोजन 70 रुपये लिटर. 7 टक्क्यांची मुदत ठेव मोडू का?

उत्तर: मोडू नका. खर्चापेक्षा मोठी अडचण अशी की हा उपाय तुमच्या दुखण्यावरचा नाही. वाढ मंदावण्यामागे बहुधा नात्यातलं प्रजनन आहे, म्हणजे वर्षानुवर्षं त्याच तळ्यातले नर-मादी वापरणं. स्वतःच्याच नरांचं मिल्ट गोठवलं तर तेच रक्त उणे 196 अंशांवर जपून ठेवाल.

शिवाय तुमच्या पद्धतीत ते बसत नाही. चायनीज हॅचरीत संप्रेरकाचं इंजेक्शन दिलेले नर-मादी फिरत्या पाण्यात सोडले की फलन आपोआप होतं. गोठवलेल्या मिल्टसाठी प्रत्येक मादीचं पोट हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात काढावी लागतात. वेळ चुकली की अंडी एकतर उतरत नाहीत, नाहीतर जास्त पिकून वाया जातात. 3 कोटी जिऱ्यांसाठी हे करायला माणसं किती लागतील, तेही मोजा.

आता वर्षाचा खर्च. ठेवीचं बुडालेलं व्याज 29,400. उपकरणं सात वर्षं टिकतील असं धरून घसारा 60,000. कंटेनरमधून रोज पाव लिटर नायट्रोजन उडतो, म्हणजे वर्षाला 91 लिटर. उघडझाप आणि भरतानाचं नुकसान धरून 150 लिटर, म्हणजे 10,500. नायट्रोजन आणायला दीड महिन्याला एक फेरी, अशा आठ फेऱ्यांचं गाडीभाडं अडीच हजारांनी 20,000. एकूण 1 लाख 20 हजारांच्या घरात. तुमची विक्री 3 लाख 60 हजारांची. हा खर्च भरून काढायला आणखी 1 कोटी जिरे विकावे लागतील, आणि मिल्ट साठवून मादीची अंडी वाढत नाहीत. हंगामात नर मुबलक असतात; टंचाई असते ती पिकलेल्या मादीची.

चूक कुठे होते तेही बघा. नराचं पोट कोरडं पुसून पहिले थेंब टाकून द्यावे लागतात, कारण त्यात मूत्र असतं. मूत्र किंवा पाण्याचा एक थेंब लागला की शुक्राणू जागे होतात आणि एक-दोन मिनिटांत थकतात. असं मिल्ट गोठवून उपयोग नाही. मिल्टच्या एका भागाला चार भाग विरलक (पातळ करणारं द्रावण) आणि डीएमएसओ (गोठताना पेशी जपणारं रसायन) यांचं मिश्रण घातलं तर अर्ध्या मिलीच्या स्ट्रॉत मूळ मिल्ट उरतं 0.1 मिली. मिलीत 2,000 कोटी शुक्राणू आणि अंड्यामागे 1 लाख धरले, तर एक स्ट्रॉ 20,000 अंड्यांना पुरते. 4 लाख अंडी देणाऱ्या एका मादीला 20 स्ट्रॉ! वर कंटेनरच्या दुहेरी भिंतीतली निर्वात पोकळी निकामी झाली की मानेवर दव गोठतं आणि नायट्रोजन भराभर उडून जातो. सुट्टीच्या दिवसांत हे लक्षात आलं नाही तर हंगामाचा साठा गेला.

मग पैसे कुठे घालायचे? त्याच ठेवीच्या व्याजातून, दोन हंगामांत मिळून 50-60 हजारांत, बाहेरच्या वंशाचं बीज आणून प्रजनक (पैदाशीचे नर-मादी) तयार करा. भुवनेश्वरच्या सीफाने (केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने) वाढीसाठी निवडलेली 'जयंती रोहू' 1997 पासून उपलब्ध आहे. त्याचं बीज वेगळ्या तळ्यात वाढवा, माशांवर खूण करा, नर एका वंशाचे आणि मादी दुसऱ्या वंशाच्या ठेवा. पक्व व्हायला साधारण दोन वर्षं लागतील, तोवर शेजारच्या हॅचरीशी नरांची अदलाबदल करा.

मागूर या मिशाळ माशाचं बीज काढायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वृषण काढण्यासाठी नर मारावा लागतो, त्यामुळे साठवणुकीला किंमत आहे. तरी सुरुवात साध्या फ्रिजमध्ये 4 अंशांवर थोडा वेळ ठेवण्यापासून करा.

तरीही गोठवणं करून पाहायचंच असेल तर लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे विचारा, या तंत्रावर त्यांनी बरंच काम केलंय. दुसऱ्या वंशाच्या मोजक्याच स्ट्रॉ आणि भाड्याचा लहान कंटेनर घ्या. एकाच मादीची अंडी दोन भांड्यांत वाटा, एकात ताजं मिल्ट, दुसऱ्यात सुमारे 38 अंशांच्या पाण्यात काही सेकंद वितळवलेलं. पाच-सहा तासांनी प्रत्येकी 200 अंडी मोजा, पांढरी पडलेली वगळा. गोठवलेल्याचं फलन ताज्याच्या 70 टक्क्यांहून कमी आलं तर यात आणखी पैसे घालू नका. कंटेनर बंद खोलीत ठेवू नका, झाकण घट्ट दाबू नका. एक लिटर द्रवाचा जवळपास 700 लिटर वायू होतो आणि माणूस गुदमरतो.