माईक ठेवायच्या आधी कोणाकोणाच्या दारात जाऊन यायचं

तू लिहिलंयस की पाच सीझन लोकल केबलवर आणि यूट्यूब लाईव्हवर कबड्डी, टेनिस क्रिकेट, अंडरआर्म सगळ्याची कॉमेंट्री केलीस, आता पुण्याला नोकरी लागली म्हणून सोडतोयस, तर निरोप कसा घ्यायचा, स्टेटस टाकू की फायनलला माईकवर बोलू की गप निघून जाऊ. गप जाऊ नकोस रे. गप गेलास की लोक आपापल्या परीने कारणं लावतात, भांडण झालं, पैशांवरून बिनसलं, आणि मग त्या कारणांना उत्तरं देत बसावं लागतं. मी गुहागर, चिपळूण, दापोली, खेड या पट्ट्यात १४ वर्षं हेच केलं, घसा साथ देईना म्हणून सोडलं आणि सोडताना एक चूक केली, ती आधी सांगतो.

मी रात्री घरी बसून मोठं स्टेटस लिहिलं. चॅनेलचे मालक, आयोजक, स्पॉन्सर, मंडळांचे अध्यक्ष, सगळ्यांचे आभार, फोटो वगैरे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या स्कोररकाकांचा फोन. "सोडलंस म्हणे? पोरानं मोबाईलवर दाखवलं." एवढंच बोलले, रागावले पण नाहीत. मला मात्र दिवसभर काही सुचलं नाही, कारण त्या लांबलचक स्टेटसमध्ये काकांचं नावच नव्हतं, आणि १४ वर्षांतले बरेचसे सामने मी त्यांच्या भरवशावर बोललो होतो.

कसं ते तुला वेगळं सांगायला नको, पण ज्यांनी मचाणावर बसून कधी काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांबूचं मचाण, वर ताडपत्री, एका टेबलावर माईक, स्कोरशीट, चहाचे कप. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, तेवढ्यात चढाईपटूचं नाव, वाडी, समोर किती बचावपटू उरलेत, बोनसचा जादा गुण चालू आहे की नाही हे सगळं बोलायचं असतं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. गर्दीच्या आवाजात, जनरेटरच्या घरघरीत मला हा हिशोब कित्येकदा राहायचा नाही. काका टेबलावर पेन आपटायचे. पहिली रिकामी, एकदा टक. दुसरी रिकामी, दोनदा टक टक. मी मैदानावरची नजर न काढता बोलायचो, "आता करो या मरोची चढाई!" आणि सगळं मैदान ओरडायचं. लोकांना वाटायचं काय लक्ष आहे याचं. लक्ष काकांचं होतं. त्यांचा आवाज कोणी कधी ऐकला नाही.

त्याच संध्याकाळी मी बाईक काढून त्यांच्या घरी गेलो. काकी दारात आल्या, माझ्याकडे बघत राहिल्या, मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "आवाज वळखते हो, तोंड आज बघितलं." काका सामन्याला गेले की त्या घरात केबल लावून बसायच्या, ते टीव्हीत कधी दिसायचे नाहीत पण मी बोलतोय म्हणजे हे बाजूला बसलेत एवढं त्यांना कळायचं. निघताना त्यांनी आमसुलांची पिशवी हातात दिली. त्या घरात मी आभार मानले ते बरोबर झाले असं मला आजही वाटतं, स्टेटसवरचे नाही.

म्हणून तुला सांगणं एवढंच, ज्यांचं नाव तुझ्या माईकवर कधी आलं नाही त्यांच्याकडे आधी जा, स्वतः, बातमी बाहेर फुटायच्या आत. स्कोरर, साउंडवाला, रात्रभर थंडीत कॅमेरा धरून उभं राहिलेलं पोरगं, दव पडायला लागल्यावर वायरींवर प्लास्टिक टाकणारा जनरेटरवाला, मध्यरात्री फायनल संपल्यावर तुला घरी सोडणारा रिक्षावाला मामा. "सगळ्यांचे आभार" म्हणू नको, नाव घेऊन काय केलं ते सांग. "त्या रात्री माईक बंद पडला तेव्हा तुम्ही देवळातला स्पीकर काढून आणलात" असं बोललास की त्या माणसाला कळतं याच्या लक्षात आहे. आपल्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालताना कशी एकेकाची, एकेका वाडीची नावं घेतात आणि मागून सगळे "व्हय महाराजा" म्हणतात, तसं. नाव राहिलं की माणूस राहिला.

मग माईकवर बोल, जरूर बोल, पण वेळ बघून. फायनल चालू असताना नको, त्या ४० मिनिटांवर हक्क मैदानातल्या १४ पोरांचा, ती वर्षभर त्यासाठी घाम गाळतात. बक्षीस समारंभात पण नको, तिथे पाहुण्यांची भाषणं असतात आणि लोक उठायला लागलेले असतात. सेमीफायनल संपली, मैदानावर पाणी मारतायत, फक्कीच्या रेषा परत आखतायत, तेव्हा दीड-दोन मिनिटं मिळतात, लोक जागेवर असतात आणि ऐकतात. लिहून नेलंस तरी चालेल, मी नेलं होतं, कारण आवाज भरून येतो आणि नावं विसरायला होतं. रडू आलं तर येऊ दे.

त्यात घरी बसून ऐकणाऱ्यांना विसरू नकोस. दुबई, कतारला असलेली पोरं, विरार-डोंबिवलीचे चाकरमानी ज्यांना शिमग्याला रजा मिळाली नाही, अंथरुणाला खिळलेला एखादा जुना खेळाडू. लाईव्हला "आमच्या वाडीचं नाव घ्या" म्हणून कमेंट टाकणारे हेच. बाळ ज. पंडितांनी रेडिओवर मराठीतून क्रिकेट सांगितलं तेव्हा ज्यांना मैदान कधी बघायला मिळणार नव्हतं त्यांना ते दिसलं, आपण गावपातळीवर तेच काम करतो आणि मला त्याचा अभिमान आहे, तुला पण असू दे.

पैशाचं म्हणशील तर माझे पण शेवटच्या सीझनचे एका चॅनेलकडे राहिले होते. निरोपात तो विषय काढायचा नाही. तारीखवार सामने लिहून वेगळं जाऊन बसायचं, शांतपणे मागायचं, शक्यतो निघायच्या आधी. तुझ्या दोन-चार चांगल्या सामन्यांचं रेकॉर्डिंग पण तेव्हाच मागून घे, नंतर हार्डडिस्क पुसल्या जातात. पेजचे पासवर्ड देऊन टाक.

स्टेटस सगळ्यात शेवटी. सीझन मेमध्ये संपेल, घाई करू नको, १५ जुलैला टाक. कबड्डी संघटक बुवा साळवींचा जन्मदिवस, आपला कबड्डी दिन, बाहेर पाऊस, मैदानं बंद, सगळे घरात मोबाईल घेऊन बसलेले असतात. तोवर तुझी प्रत्यक्ष भेटायची माणसं पण भेटून झालेली असतील.

आणि एक राहिलं, तुझी वही. नावं, जर्सी नंबर, कोण डावा कोपरा, कोण उजवा, कुठल्या वाडीचा उच्चार कसा, कुठल्या मंडळाला पूर्ण नावानेच बोलवायचं, हे तू पाच वर्षांत गोळा केलंयस, ते पुण्याला नेऊन उपयोग नाही. तुझ्यानंतर जो पोरगा बसेल त्याला दे, नुसती हातात ठेवू नको, एक अख्खा सामना त्याच्या बाजूला बसून त्याला बोलू दे आणि तू नुसता पेन आपट. मी माझी दिली तेव्हा दवाने फुगून तिची पानं एकमेकांना चिकटलेली होती, तरी त्या पोराने रात्रभर बसून नवीन वहीत उतरवून काढली.

तुझी शेवटची फायनल कुठे आहे ते कळव. जवळपास असेल तर मी येईन, मचाणावर नको, खाली खुर्चीत बसून ऐकेन.