तरतूद, विनियोजन, वितरण : तीन शब्द, तीन टप्पे

प्रश्न असा आला आहे : एकाच रस्त्याबद्दल बातम्यांत कधी '१०० कोटींची तरतूद', कधी '१०० कोटींचा निधी मंजूर', तर कधी '१०० कोटी दिले' असं वाचायला मिळतं. हे शब्द समानार्थी आहेत का? आणि 'ॲप्रोप्रिएशन'ला विनियोग म्हणावं की विनियोजन?

समानार्थी अजिबात नाहीत. ते एकाच पैशाच्या वाटेवरचे वेगवेगळे टप्पे आहेत.

'तरतूद' अरबी 'तरद्दुद'वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. तिकडे अर्थ ये-जा, खटपट. मराठीत तो 'आगाऊ करून ठेवलेली सोय' असा स्थिरावला. म्हातारपणाची तरतूद म्हणतो ना, तसाच. अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे एखाद्या कामावर वर्षभरात अमुक रकमेपर्यंत खर्च करण्याची मुभा. तिथं रोकड हललेली नसते. शिवाय मुभेला मुदत असते. ३१ मार्चपर्यंत न वापरलेली तरतूद व्यपगत होते, कचेरीतल्या बोलीत 'लॅप्स' होते.

या मुभेला कायद्याचं बळ मिळतं ते विनियोजनाने. संविधानाच्या अनुच्छेद ११४ नुसार, कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही. 'विनियोग'ही त्याच 'युज्' धातूचा, पण त्याचा रोख प्रत्यक्ष वापराकडे. संध्येतलं 'प्राणायामे विनियोगः' आठवा : हा मंत्र कुठे वापरायचा, ते तिथं सांगितलं आहे. म्हणून खर्च झाल्यावर द्यायच्या दाखल्याला 'विनियोग प्रमाणपत्र' (किंवा 'उपयोगिता प्रमाणपत्र') शोभतं आणि खर्चाआधीच्या विधेयकाला 'विनियोजन'. छापील मजकुरात दोन्हींची सरमिसळ दिसते, ती टाळावी.

पुढचा टप्पा वितरण. मंत्रालय किंवा विभाग तरतुदीतला काही भाग खालच्या कार्यालयाला खर्चासाठी खुला करतो, किंवा पैसे त्याच्याकडे 'वर्ग' करतो. केंद्र पुरस्कृत योजनांत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० असतो, ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९० व १०. त्यामुळे केंद्राचा हप्ता आला पण राज्याचा हिस्सा अडला, म्हणून काम खोळंबलं, असंही होतं.

हा पैसा कोणाकडे जातो ते सांगताना 'एजन्सी' हा शब्द फार घोटाळे करतो. सरकारी अर्थाने त्याला 'यंत्रणा' हा रुळलेला शब्द आहे. 'जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा' हे नावच पाहा. 'अभिकरण' फारसा कोणाच्या तोंडी बसला नाही. पण बांधकामाच्या बोलीत 'एजन्सी नेमली' म्हणजे कंत्राटदार ठरला! तेव्हा सरकारी बाजूला यंत्रणा आणि काम घेणाऱ्याला कंत्राटदार लिहावं. 'मक्तेदार' हा त्याचा जुना प्रतिशब्द, पण 'मक्तेदारी'ने आता एकाधिकाराचा अर्थ घेतल्यामुळे तो वाचकाला चकवतो.

आणखी एक शब्द ओळखीचा हवा : लेखाशीर्ष. प्रत्येक खर्चाला पंधरा अंकी ओळख असते. पहिले चार अंक प्रधान शीर्षाचे. त्यातला पहिला अंक २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. ३०५४ म्हणजे रस्ते व पूल यांचा महसुली खर्च, मुख्यतः देखभाल-दुरुस्ती. ५०५४ म्हणजे त्यांचाच भांडवली खर्च, नवं बांधकाम. ५०५४ मध्ये पैसे उरले म्हणून ३०५४ मधले खड्डे बुजवता येत नाहीत. पुनर्विनियोजन, म्हणजे तरतूद एका शीर्षातून दुसऱ्यात नेणं, भांडवलीकडून महसुलीकडे चालत नाही. 'पैसे असूनही दुरुस्ती नाही' या तक्रारीमागे कित्येकदा हेच कारण असतं.

आता मूळ उदाहरण आकड्यांत मांडू, आकडे समजण्यापुरते. रस्त्याला प्रशासकीय मान्यता, म्हणजे पूर्ण काम व त्याचा अंदाजित खर्च यांना सरकारची संमती, १०० कोटींची. यंदाची तरतूद २० कोटी. त्यातलं वितरण ८ कोटी. कंत्राटदाराने कार्यारंभ आदेश घेऊन काम केलं, मोजमाप पुस्तिकेत नोंदी झाल्या आणि १२ कोटींचं चालू देयक (काम सुरू असतानाच झालेल्या भागाचं बिल) सादर झालं. ८ कोटींपुरतं देयक भागेल, ४ कोटी प्रलंबित राहतील. म्हणजे 'रस्त्याला १०० कोटी दिले' ही बातमी चूक, '१०० कोटींची तरतूद' हीसुद्धा चूक. '१०० कोटींच्या कामाला मान्यता, यंदा २० कोटींची तरतूद' हे बरोबर.

'निधी मंजूर' हा तर सर्वांत निसरडा प्रयोग. तो मान्यता, तरतूद की वितरण, काहीच सांगत नाही. बातमीत तो आला की कोणता टप्पा ते विचारावं. देयकाचंही तसंच : 'देयक मंजूर' म्हणजे रक्कम मान्य झाली, पैसे खात्यात पोचले की 'देयक अदा'.